राखून कमावणाऱ्या व्यावसायिकांचा गौरव

दापोलीहून समुद्राच्या रोखाने सुमारे दहा किलोमीटर गेले म्हणजे रस्ता उतरू लागतो आणि बुरोंडी गाव येते. एका अंगास जांभ्याचा कातळ व त्यावर उभ्या केलेल्या आंबा-काजूच्या बागा, तर दुसऱ्या अंगास मच्छीमारांची वस्ती व किनाऱ्यास लागलेल्या होड्या, असे या गावाचे रूप आहे. थोडे पुढे लाडघरचे तामसतीर्थ लागते. परगावचे पाहुणे तेथे समुद्राचे तांबूस पाणी पाहण्यास येतात. आपणांस मात्र आज बुरोंडीच्या झाडाकडे, समुद्राकडे आणि या दोहोंतून निघणारा माल विकत घेणाऱ्या माणसाकडे पाहावयाचे आहे.

झाड व समुद्र यांत एक गोष्ट समान आहे. दोहोंतून दरसाल उत्पन्न मिळते. पण ठरावीक मर्यादेपलीकडे ओरबाडले, तर पुढील साली तेच झाड व तोच समुद्र रिकाम्या हाताने परत पाठवितो. दुसरेही एक साम्य आहे, त्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. कलमावरील फळ केव्हा उतरावयाचे आणि जाळ्यातील कोणती मासळी किनाऱ्यास आणावयाची, हे बागायतदार व मच्छीमार स्वतःच ठरवितात असे आपण समजतो. वस्तुतः पुष्कळदा ते खरेदीदाराचा भाव ठरवितो. कोवळ्या मालाला गिऱ्हाईक असले म्हणजे कोवळा माल निघतो. ते नसले म्हणजे तो निघत नाही. असे असताही निसर्गसंपत्ती राखण्याविषयीचा आपला सारा उपदेश शेतकरी व मच्छीमार यांनाच उद्देशून होतो. व्यापारी, अडते, कारखानदार, करारदार ही मंडळी निंदेतून सुटतात आणि त्यांच्यापैकी जे चांगले वागतात ते गौरवालाही मुकतात. हा दुसरा अन्याय पहिल्याहून लहान नाही, असे आमचे मत आहे.

'शाश्वत विकास' हा शब्द आता ग्रामसभेच्या ठरावांतही येऊ लागला आहे. नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1987 साली आपल्या अहवालात त्याचा अर्थ सांगितला. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, परंतु पुढील पिढीस तिच्या गरजा भागविता येणार नाहीत अशा रीतीने नव्हे, हा त्या अर्थाचा मथितार्थ होय. 2015 साली संयुक्त राष्ट्रसंघाने 17 उद्दिष्टे ठरविली. त्यांतील बारावे जबाबदारीच्या उत्पादन-उपभोगाचे, चौदावे समुद्रातील जीवसृष्टीचे व पंधरावे भूमीवरील जीवसृष्टीचे आहे. ही तीन तर जणू बुरोंडीसाठीच लिहिली आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचा 'ग्लोबल कॉम्पॅक्ट' हा उद्योगांसाठीचा उपक्रम 2000 साली सुरू झाला. आपल्या धंद्यातूनच ही उद्दिष्टे पुढे नेणाऱ्या व्यावसायिकांची निवड करून तो 2016 पासून त्यांचा 'एसडीजी पायोनियर्स' म्हणून गौरव करतो.

ही कल्पना आपणांस अगदी नवी नाही. सचोटीच्या व्यापारास प्रतिष्ठा मिळावी म्हणून जे. आर. डी. टाटा, रामकृष्ण बजाज प्रभृती उद्योगपतींनी 1966 साली मुंबईत एक परिषद स्थापन केली होती. कृषिभूषण, उद्यानपंडित, शेतीनिष्ठ शेतकरी हे राज्य शासनाचे पुरस्कार आपल्या वाचकांस परिचित आहेत. परंतु ते शेतात राबणाऱ्यांचे पुरस्कार आहेत, आणि ते तसेच असावयास हवेत. त्यांच्या शेजारी, शेतमालाच्या व मासळीच्या व्यवहारात राखून कमावणाऱ्या माणसाचा गौरव करण्याची रीत गावपातळीवर अद्याप रुजलेली नाही.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. 2013 च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. शाळेला बाके मिळतात, गावाला पाण्याची टाकी मिळते. हे चांगलेच आहे. परंतु नफ्यातून दान देणे निराळे आणि नफा कसा मिळविला हे निराळे. कोवळी मासळी गाडीगाडीने उचलणारा मनुष्य उत्सवाला मोठी देणगी देईल. त्याची पावती जरूर फाडावी, पण तेवढ्यावरून त्यास निसर्गरक्षक म्हणू नये. आमच्या दृष्टीने गौरवाचा प्रश्न धंद्याच्या आतला आहे, बाहेरचा नव्हे.

अशा गौरवास पात्र ठरलेली माणसे आपल्या राज्यात झाली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा समजूत असल्यामुळे प्रारंभी तो घेण्यास कोणी धजेना. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली व नांगर गावोगाव गेला. शेतकऱ्याच्या समजुतीचा उपहास न करता त्याच्या शेतात जाऊन खात्री पटविणे, हा धडा त्या उद्योगाने घालून दिला.

अलीकडचे व अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण जळगावच्या भवरलाल जैन यांचे आहे. 1937 साली जळगाव जिल्ह्यातील वाकोद या खेड्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेऊनही ते नोकरीच्या मार्गास न लागता धंद्यात पडले. 1963 साली घरच्या सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी घासलेट विकण्यापासून सुरुवात केली. पुढे बी-बियाणे, खते यांची विक्री, 1978 च्या सुमारास पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्याचा कारखाना, मग पीव्हीसी नळ्या आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन, असा त्यांचा व्यवसाय वाढत गेला. ठिबकाचे तंत्र काही त्यांनी शोधून काढले नव्हते. इस्रायल व अमेरिका येथे ते आधीपासून होते. त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी नुसती नळी विकली नाही. नळीबरोबर शेतीतज्ज्ञ शेतावर पाठविला, केळीची ऊतिसंवर्धित रोपे दिली आणि पांढरा कांदा व फळे यांवर प्रक्रिया करणारे कारखाने काढून शेतकऱ्यांचा माल करारावर घेतला. केळीचे जे पीक पूर्वी सुमारे अठरा महिने शेत अडवून ठेवी, ते अशा रोपांमुळे व ठिबकामुळे सुमारे वर्षात हाती येऊ लागले. 1997 साली अमेरिकेतील सिंचन संघटनेने त्यांना क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार दिला व 2008 साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा सन्मान केला. 2016 साली त्यांचे निधन झाले.

या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गौरवाचे रूपांतर स्तुतिपाठात होते. ठिबकाने एका एकरामागे पाणी वाचते हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एकर केळी लावली, तर विहिरीला काय मिळाले? यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजलाचा उपसा ही दीर्घकाळची चिंता राहिली आहे. तसेच त्यांच्या पश्चात, 2019 पासून, कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली अडचणीत आली व 2022 साली तिच्या कर्जाची पुनर्रचना करावी लागली. त्यामुळे त्यांचे कार्य कमी ठरत नाही. परंतु साधन चांगले असले तरी ते किती वापरावयाचे याची मर्यादा गावानेच घालावी लागते, आणि धंदा स्वतः टिकला नाही तर त्यावर विसंबलेल्या शेतकऱ्यांचाही आधार डळमळतो, या दोन गोष्टी येथे दिसून येतात.

कोकणातील एक उदाहरण बांबूचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शेतकरी बांधावर व परड्याच्या कडेला माणगा जातीचा बांबू पूर्वापार लावीत आले. माणगा भरीव असतो, त्याला काटे नसतात, त्यास फवारणी लागत नाही आणि एकदा बेट धरले म्हणजे तयार काठ्या तेवढ्या काढून कोवळ्या ठेवता येतात. उणीव होती ती चांगल्या गिऱ्हाइकाची. कुडाळ येथे संजीव करपे यांनी 2004 साली उभारलेल्या 'कोनबॅक' या संस्थेने बांबूवर प्रक्रिया करून त्यापासून घरे, निवारे व फर्निचर तयार करण्यास आरंभ केला, आणि कुंपणाला वापरल्या जाणाऱ्या काठीला कारागिरीचे मोल आले. येथे धंद्याच्या स्वरूपातच राखण आहे. बेट तोडून संपविले तर कारखानाच बंद पडेल. ज्या व्यवसायात व्यापाऱ्याचा स्वार्थ व झाडाचे आयुष्य एका दोरीत बांधलेले असतात, तेथे उपदेशाची गरज कमी पडते.

आंब्याच्या धंद्यात ही दोरी तुटलेली आहे. आता बुरोंडीच्या कातळावर परत येऊ.

हापूसची पुष्कळशी कलमे मालकाच्या हाती नसतात. मालक मुंबईस नोकरीला, घरी म्हातारी माणसे; म्हणून बाग एका-दोन हंगामांसाठी करारावर दिली जाते. करारदार अडत्याकडून आगाऊ रक्कम उचलतो आणि ती फेडण्यासाठी त्याला मार्चमध्येच पेट्या वाशीच्या बाजारात पोहोचवावयाच्या असतात, कारण भाव तेव्हाच चढा असतो. याचा ताण शेवटी झाडावर पडतो. हापूस स्वभावतः एक वर्षाआड भरघोस फळे देतो. तो दरवर्षी फळावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक देतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटर व्यासास 0.75 ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे बाजारात मिळणारे सुमारे 3 मिलिलिटर औषध, अशी आहे. ते जोमदार कलमांनाच, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान द्यावयाचे असते. त्याचबरोबर दहा वर्षांवरील कलमास दरसाल 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व एक किलो पालाश मिळाले पाहिजे. एका हंगामाचा धनी असलेला करारदार औषधाची मात्रा वाढवितो आणि शेणखत टाळतो. पहिल्या वर्षी झाड लगडते. पुढे फुटवे आखूड होतात, पालवी येईनाशी होते आणि कलम थकते. तोवर करार संपलेला असतो.

ज्या करारदाराने निदान पाच वर्षांचा लेखी करार केला, खताचा खर्च आपल्या वहीत मांडला व औषधाची मात्रा मालकाला दाखवून दिली, तो मनुष्य गौरवास पात्र आहे. त्यास त्या वर्षी नफा कमी झालेला असेल. किंबहुना म्हणूनच तो पात्र आहे.

फळ उतरविण्यातही हीच कसोटी लागते. 'चौदा आणे तयार' हे आपल्या बागायतदारांचे जुने माप आजही शास्त्रास धरून आहे. विद्यापीठही सुमारे 85 टक्के पक्वतेस काढणी करावी असे सांगते. तयार फळ पाण्यात टाकले असता बुडते, कोवळे तरंगते. सकाळी अथवा उन्हे कलल्यावर, नूतन झेल्याने, देठासह काढलेले फळ टिकते. कोवळे फळ काढून कॅल्शियम कार्बाइडने पिवळे करणे हा कायद्याने गुन्हा आहे. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परप्रांतातील आंबा कोकणच्या नावाच्या खोक्यात भरण्याचा उद्योग चालूच असतो. तेव्हा जो व्यापारी कोवळे फळ परत पाठवितो, खोक्यावर खऱ्या बागेचे नाव छापतो आणि तयार फळास वाढीव भाव देतो, तो शंभर बागायतदारांस एकाच वेळी शिकवितो. आमच्या विस्तार कार्यकर्त्याच्या दहा व्याख्यानांनी तेवढे होणार नाही, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

मासळीचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण समुद्राला बांध नाही. या भागातील मासळीचा मोठा लिलाव हर्णैच्या किनाऱ्यावर होतो. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते. 2017 साली केंद्र सरकारने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास बंदी घातली, आणि 2023 साली महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या मासळीची, ज्याहून लहान मासा पकडू नये अशी, किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला. या नियमांमागील हेतू साधा आहे. प्रत्येक माशाला आयुष्यात निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळाली पाहिजे. लहान छिद्रांच्या जाळ्याने ती मिळण्याआधीच मासा वर येतो.

परंतु समुद्रात पहारा ठेवणे सोपे नाही. किनाऱ्यावर टोपलीत पाहणे सोपे आहे. बोटभर पापलेट व सुरमईची पिल्ले यांचा लिलाव झालाच नाही, तर त्यांच्यासाठी डिझेल जाळून कोण जाईल? खतासाठी व कोंबड्यांच्या खाद्यासाठी बारीक मासळी वजनावर घेणारा खरेदीदार आला म्हणजे, जे पूर्वी जाळ्यातून सोडले जाई त्यालाही किंमत येते. ती किंमत आज हातात पडते, म्हणून कर्जबाजारी होडीवाल्यास नाही म्हणवत नाही. त्यास दोष देण्यापूर्वी त्याच्यावरील डिझेलचे व बर्फाचे देणे विचारात घ्यावे.

म्हणून बुरोंडीसारख्या गावी ज्या व्यापाऱ्याने लहान मासळी घेण्याचे नाकारले, मोठ्या व बर्फात नीट ठेवलेल्या मासळीस जास्त दर दिला आणि आगाऊ रकमेच्या मोबदल्यात सारा माल आपल्यालाच पडत्या भावाने घालण्याची सक्ती केली नाही, त्याचे नाव पुढे यावयास हवे. व्यावसायिक म्हटले म्हणजे मोटारीतून उतरणारा गृहस्थच डोळ्यांसमोर आणण्याचे कारण नाही. डोक्यावर पाटी घेऊन दापोलीच्या बाजारात मासळी विकणारी भगिनीही व्यावसायिकच आहे. ती थोडे घेते, ताजे विकते, आणि उरलेले सुकविते. बोंबील, सुकट वाळूवर न पसरता जाळीवर किंवा ओट्यावर सुकविणारी स्त्री मालाची नासाडी टाळते. नासाडी टळली तर तेवढ्याच मासळीत अधिक माणसांचे भागते. अशा गौरवाच्या यादीत तिचे नाव बहुधा कोणी सुचविणार नाही. ते सुचविण्याचे काम ग्रामसेवक व शिक्षक यांनी करावे.

हल्ली पुरस्कारांचा सुकाळ झाला आहे. शुल्क भरून, छायाचित्रासह, व्यासपीठावर बसण्याच्या हमीसकट मिळणारे सन्मानही आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालावयाची नसेल, तर निवड कशी करावी हे आधी ठरविले पाहिजे. अर्जदाराने स्वतःविषयी काय लिहिले ते शेवटी वाचावे. आरंभी त्याची वही पाहावी: कोणता माल घेतला, कोणता परत केला, काय दर दिला, रक्कम किती दिवसांत चुकती केली. एका वर्षाचा हिशेब पुरेसा नाही. चांगल्या हंगामात सारेच उदार असतात. तीन वर्षांचा पाहावा व त्यांत एक तरी वर्ष वाईट असावे. अवकाळी पाऊस, मोहोर गळणे, 2020 च्या जून महिन्यातील निसर्ग चक्रीवादळ, यांसारख्या प्रसंगी त्याने आपल्याशी बांधलेल्या बागायतदारास किंवा होडीवाल्यास कसे वागविले, हे गावात विचारल्यास सहज कळते. त्या वादळात दापोली तालुक्यातील कित्येक वाड्यांतील आंबा, नारळ, सुपारीची झाडे उन्मळून पडली. मोडलेल्या बागेच्या मालकाकडून आगाऊ रक्कम लगेच मागणारा कोण आणि पुढील लागवडीसाठी थांबणारा कोण, याचा विसर लोकांना पडलेला नाही.

पुढे गैरवर्तन आढळल्यास सन्मान काढून घेण्याची तरतूदही असावी. कटू वाटेल, पण त्यावाचून त्यास किंमत राहणार नाही. तसेच ज्याचा माल घेतला जातो त्या बागायतदाराचे व मच्छीमाराचे मत निवडीत असलेच पाहिजे. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्याची निवड केली तर ती उलाढालीवर जाते.

या कामास सर्वांत सोयीचा काळ म्हणजे पावसाळ्याचे पहिले दोन महिने. आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, हिशेब मिटत आलेले असतात आणि माणसे घरी सापडतात. जून-जुलैत चौकशी पुरी करून नारळी पौर्णिमेस, समुद्राला नारळ दिल्यानंतर जमलेल्या मंडळींसमोर निवडलेले नाव सांगावे. त्या वेळी प्रशस्तीचे भाषण न करता वहीतील तीन वर्षांचे आकडे वाचून दाखवावेत, आणि शाल व श्रीफळ पाहुण्याच्या हस्ते न देता, त्या व्यापाऱ्यास माल घालणाऱ्यांपैकी एखाद्या होडीवाल्याच्या किंवा बागायतदाराच्या हातून द्यावे.